गळती नव्हती

अक्का पापनाशमहून रोज सकाळच्या पॅसेंजरनं तंजावूरला आमच्या प्रयोगशाळेत यायच्या. माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या. त्यांचं काम हातांचं होतं. निकेलची पूड काचेच्या बारीक नळीत भरायची, नळी भट्टीत ठेवायची, एका टोकानं कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सोडायचा आणि दुसऱ्या टोकानं मिथेन किती वेगानं निघतो ते मोजायचं. मी शेजारच्या खोलीत संगणकापुढे. निकेलचे अणू पडद्यावर मांडून त्यांच्यावर कोणता रेणू आधी तुटतो, त्याला किती ऊर्जा लागते, हे गणितानं काढायची. त्यांना वेग कळायचा, त्यामागचं कारण दिसायचं नाही. मला कारण दिसायचं, पण ते खरं की माझ्या मनातलं, हे त्यांच्या नळीवाचून कळायचं नाही.

आमचं बोलणं तमिळमध्ये चाले. मी राजवाड्यामागच्या गल्लीतल्या मराठी घरातली. त्यांना माझ्याकडून चार शब्द आले होते. डबा उघडताना "जेवलीस का गे?" एवढं त्या मराठीत विचारायच्या आणि स्वतःच हसायच्या.

एकदा आम्ही साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन वापरला. गुण तेच, फक्त अणू वजनाला दुप्पट. तेवढ्यानं वेग बदलला, तर सगळ्यात अवघड टप्प्यापर्यंतच्या वाटेत हायड्रोजनचा हात आहे असं समजायचं. माझं गणित सांगत होतं की कार्बन मोनॉक्साइड आपला आपण तुटतो, हायड्रोजन मागाहून येतो. म्हणजे वेगात फरक पडायला नको. अक्कांच्या नळीत वेग वाढला.

"कुठंतरी गळती असणार," मी म्हणाले.

"प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून पाहिलंय. एक बुडबुडा नाही."

"मग पुन्हा करा."

त्यांनी आणखी दोनदा केलं. तेच उत्तर आलं. विभागाच्या बैठकीत सगळ्यांसमोर मी बोलून गेले, "यंत्र जुनं झालंय, आणि माणसाचा हातही थकतो." अक्कांनी वही मिटली. त्यानंतर डबा त्या आपल्या टेबलाशी एकट्याच बसून खाऊ लागल्या.

पुढच्या दिवसांत जोड आवळायला पाना फिरवताना त्या मधेच स्टुलावर बसायच्या, डोळे मिटून. रुसल्यात असं मला वाटे. मीही विचारलं नाही. नंतर त्या आठवडाभर आल्याच नाहीत, आणि मग कळलं, पोटात कर्करोग आहे आणि तो पसरलाय. प्रयोग त्यांनी त्या दुखण्यातच तीनदा केला होता.

रजेवर जाण्याआधी त्या माझ्या खोलीत आल्या. वही माझ्यापुढे ठेवली आणि पडद्याकडे पाहत उभ्या राहिल्या.

"एक विचारू? तुझं हे निकेल इतकं रिकामं का असतं? माझ्या नळीत तर नुसती गर्दी असते."

मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आता आठवत नाही. पण त्या गेल्यावर पडद्याकडे बघवेना. कोऱ्या निकेलवर मी एकच रेणू ठेवून बसले होते, शेजारपाजार नसलेला.

त्यांच्या वहीत कुठल्या तापमानाला पृष्ठभाग किती भरलेला असतो त्याच्या नोंदी होत्या. त्या धरून मी निकेलवर रेणूंची दाटी केली आणि सगळं गणित पहिल्यापासून लावलं. काही आठवडे गेले. उत्तर आलं ते असं की दाटीत कार्बन मोनॉक्साइडला तुटून पडायला जागाच उरत नाही. आधी हायड्रोजन येऊन त्याला चिकटतो, त्याचा बंध सैल करतो, मग तो तुटतो. आणि या वाटेनं गेलं तर जड हायड्रोजननं वेग वाढतो. आकडा अक्कांच्या आकड्याला जवळजवळ टेकला होता.

तो मंगळवार होता. पापनाशमला बसनं तासाभरात पोचता येतं. मी गेले नाही. एकदा चुकले होते, आता पक्कं करूनच सांगायचं असं स्वतःला म्हणाले. खरं तर माफी कशी मागायची ते सुचत नव्हतं. रविवारी जायचं ठरवलं. शुक्रवारी दुपारी त्यांच्या यजमानांचा फोन आला.

तेराव्यानंतर मी गेले. यजमान पोस्टातून निवृत्त झालेले, बोलायला कमी. त्यांनी स्वतः कॉफी केली, डवऱ्याच्या पसरट वाटीत ओतून पुढे ठेवली. मी कागद काढले, निकेल, दाटी, हायड्रोजन, सगळं सांगू लागले. ते ऐकत राहिले.

"मला यातलं कळत नाही, अम्मा," ते शेवटी म्हणाले. "तिचं बरोबर होतं एवढंच ना?"

"हो. आणि मी सगळ्यांसमोर त्यांना चूक म्हटलं होतं."

"ते तिनं सांगितलं होतं."

मी कागद गोळा करू लागले.

"रागावली नव्हती," ते म्हणाले. "म्हणायची, पोरगी हुशार आहे, तिला थोडा वेळ लागेल."

या कामावरचा आमचा लेख छापून आला तेव्हा त्यांचं नाव आधी घातलं, माझं नंतर. त्यांच्या नावापुढे बारीक चिन्ह, खाली तळटीप की या लेखिका आता हयात नाहीत. त्याची एक प्रत मी पापनाशमला नेऊन दिली. यजमानांनी चष्मा लावला, इंग्रजी नाव सावकाश वाचलं, आणि ते पान कपाटात अक्कांच्या साड्यांवर ठेवलं.

अजूनही कुणी विद्यार्थी माझ्या गणिताशी न जुळणारा आकडा घेऊन येतो, तेव्हा गळती हा शब्द आधी माझ्या तोंडाशी येतो. तो गिळून मी त्याला बसायला सांगते.