‘माहीत नाही’चा तास

राष्ट्रीय उद्यानात येणाऱ्या पर्यटकांना काय शिकवायचं आणि त्यासाठी कर्मचाऱ्यांना कसं तयार करायचं, याची उद्दिष्टं ठरवायला मला बोलावलं तेव्हा मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो. बैठक आणि पाठोपाठचं पहिलं प्रशिक्षण पुण्यातच होतं, म्हणून हो म्हटलं. जंगल मला बघायला आवडतं, राहायला नाही.

वनखात्याच्या साहेबांनी पहिलं उद्दिष्ट आधीच फळ्यावर लिहून ठेवलं होतं: ‘पर्यटकाच्या प्रत्येक प्रश्नाचे समाधानकारक उत्तर देणे.’ समोर उद्यानातून आलेले वनरक्षक माना डोलावत बसले होते. त्यातल्या एका बाईंवर मात्र टांगती तलवार होती. गेटवर त्यांनी एका पर्यटकाला कुठल्याशा पक्ष्याचं भलतंच नाव ठोकून दिलं होतं. तो निघाला पक्ष्यांचा जाणकार, आणि तक्रार वरपर्यंत गेली. इथल्या प्रशिक्षणाच्या शेवटच्या चाचणीत जमलं तर गेटवरच राहायचं, नाहीतर बदली डोंगरापलीकडच्या चौकीवर. तिथे शाळा नव्हती, आणि बाईंची मुलगी चौथीत होती.

मला कुतूहल होतं ते वेगळंच. ठाऊक नव्हतं तर सांगितलंच कशाला? चहाच्या सुट्टीत मी बाईंना विचारलं.

“अहो सर, मानूस एवढ्या लांबून आलाय, इचारतोय. त्याला म्हाईत न्हाई कसं म्हनायचं? आमच्याकडं वाट इचारली तरी कायतरी सांगत्यातच. तसंच धाडनं बरं दिसत न्हाई.”

बाकीच्यांना विचारलं, तर सगळ्यांचं तेच. चुकीचं उत्तर म्हणजे पाहुणचार, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मी पुण्यात वाढलेला माणूस. आमच्याकडे पाहुणचारच मोजून मापून.

दुपारी मी सगळ्यांना नारायण पेठेत नेलं आणि प्रत्येकाला एकेका दुकानात तिथे न मिळणारी वस्तू मागायला लावली. बाईंनी वह्यांच्या दुकानात कंदिलाची काच मागितली.

“नाही,” दुकानदार म्हणाले.

“मग कुठं मिळंल?”

“माहीत नाही. हे वह्यांचं दुकान आहे, चौकशीची खिडकी नाही.”

बाई बाहेर आल्या त्या हसतच. “आन् त्यास्नी कायबी वाटलं न्हाई!” त्यांना नवल याचंच.

मी म्हटलं, “यातला तिरसटपणा इथेच ठेवा. ‘माहीत नाही’ तेवढं घेऊन जा, आणि पुढे काय जोडायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.”

फळ्यावरचं उद्दिष्ट बदलायला साहेब तयार नव्हते. “सरकारी कागदावर ‘माहीत नाही’ कसं लिहायचं हो?” शेवटी चाचणी होईपर्यंत थांबू, असं ठरलं.

चाचणीत साहेब स्वतःच पर्यटक झाले. खिडकीबाहेरच्या झाडात काहीतरी ओरडत होतं. “कोणता पक्षी आहे हो हा?” त्यांनी बाईंना विचारलं. बाईंचे ओठ हलले. काहीतरी नाव जिभेवर आलंय, हे मला स्पष्ट दिसत होतं.

“म्हाईत न्हाई, साहेब,” त्या म्हणाल्या. “चला, बघू या.” आणि खरोखरच दाराकडे निघाल्या. साहेबांना मागोमाग जावंच लागलं. पक्षी उडून गेला होता, तरी साहेब बराच वेळ मान वर करून फांद्या न्याहाळत राहिले. परत आल्यावर त्यांनी फळ्यावरचा ‘प्रत्येक’ हा शब्द पुसला. बाईंना मात्र एवढंच म्हणाले, “निर्णय कळवतो.”

निघताना बाईंनी घरी बोलायला माझा मोबाइल मागितला. लेकीचा आवाज एवढा खणखणीत, की मलाही ऐकू आला.

“आई, आपन हितंच ऱ्हानार ना?”

बाईंनी एकवार माझ्याकडे पाहिलं.

“म्हाईत न्हाई, बाळा,” त्या म्हणाल्या.

थोडं खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा अगदी मनापासून वाटलं. मोबाइल त्यांच्याच हातात राहू दिला आणि साहेबांची गाडी निघायच्या आत गाठायला मी जिन्याकडे धावलो.