काळी फुलदाणी

आमच्या अंबाजोगाईच्या कॉलेजात चीन-जपानच्या वस्तूंची एक खोली होती, असं सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. होती. एका जुन्या डॉक्टरांनी हैदराबादच्या बाजारातून आयुष्यभर गोळा केलेलं सामान मरताना कॉलेजला दिलं होतं. निळ्या नक्षीच्या बशा, लाखेचे डबे, कागदी पंखे. मी इतिहास शिकवते, म्हणून ही खोली माझ्या गळ्यात पडली. आधी वैतागले, मग जीव जडला.

जीव जडला तो एका जपानी फुलदाणीवर. कांस्याची, वीतभर उंच, काळी, उन्हात धरली की पिकल्या जांभळाची झाक मारणारी. पुस्तकं चाळली तेव्हा कळलं की हा काळेपणा म्हणजे मळ नव्हेच. तिथले कारागीर किसलेल्या मुळ्यात धातू बुडवून, मग औषधी पाण्यात उकळून तो रंग मुद्दाम चढवतात. मुळ्यात! आमच्याकडे त्याची कोशिंबीर होते. नवरा गेल्यापासून मला घरी जायची घाई नव्हती. तास संपले की मी खोली उघडायची आणि फुलदाणी समोर घेऊन बसायची. दिवसातलं तेवढंच माझं होतं.

प्राचार्यांना त्या खोलीत कॉम्प्युटर बसवायचे होते. मी भांडले, अगदी हमरीतुमरीवर आले. शेवटी ठरलं की पुण्याहून एक जाणकार येतील आणि ते 'ठेवा' म्हणाले तरच खोली राहील. फुलदाणीचा फोटो बघून तर ते यायला तयार झाले होते. आदल्या संध्याकाळी मी ती कपाटातून काढून टेबलावर मांडली.

सकाळी दार उघडलं. टेबलावर पिवळंधमक काहीतरी लखलखत होतं. शेजारी आमच्या झाडलोट करणाऱ्या मावशी, पदर खोचून, घामाघूम.

"म्याडम, पुण्याचे पाव्हणे येणार अन् भांडं असं काळंठिक्कर! का म्हून ठिवलं व्हतं तसं? मलाच लाज वाटली बगा. दिवाळीला देवाची भांडी घासतो तसं चिंच-मीठ लावलं, राखेनं चोळलं. निघतच नव्हतं. लई दमवलं मेल्यानं."

अहो, काय करून बसलात हे! अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांची बोटं सोलवटून लाल झाली होती आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, कौतुकाची वाट बघत. माझा राग मलाच गिळावा लागला.

जाणकार आले. भिंग काढून त्यांनी फुलदाणी एकदा फिरवून पाहिली आणि भिंग परत खिशात घातलं.

"रंग परत नाही का हो येणार?" मी विचारलं.

"नाही, बाई. आता नाही."

बाकीचं सामान साधं, बाजारातलं आहे, असं ते हळूच म्हणाले. दारात मावशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. मला मान वर करवेना.

महिनाभरात कॉम्प्युटर आले. सामान खोक्यांत भरून जिन्याखाली गेलं. ती खोकी आता कोण उघडणार? कुणी नाही. मीसुद्धा नाही, माझ्यात आता तेवढं बळ नाही. फुलदाणी तेवढी वाचली, कारण प्राचार्यांना ती फार आवडली. त्यांच्या टेबलावर असते, प्लास्टिकची फुलं खोचून.

परवा मावशी जिन्यात भेटल्या. फुलदाणी छातीशी धरून नळावर निघाल्या होत्या, पदराच्या टोकाला चिंच बांधलेली.

"तुमची लाडकी हाय न्हवं का ही," त्या म्हणाल्या, "म्हणून दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाई मी. जरा काळी पडली की लगेच घासते. मी हाय तवर काळजी नका करू."

"बरं करता, मावशी," मी म्हणाले आणि तासाला गेले.