बेकरीतल्या टाळ्या

माझी सहा वर्षांची भाची सई घरात अखंड बडबडते, पण घराबाहेर भीतीने तिचा आवाजच बंद होतो. स्पीच थेरपीच्या मॅडम चार महिने तिच्याशेजारी नुसत्या ठोकळे रचत बसल्या. "ती बाहेर बोलली तर कौतुक करू नका," त्यांनी बजावलं होतं. "रोजचंच असल्यासारखं उत्तर द्या."

काल बेकरीत सई पहिल्यांदाच बाहेर बोलली. हळूच म्हणाली, "क्रीमरोल."

"किती?" बेकरीवाल्या काकांनी शांतपणे विचारलं.

तेवढ्यात मागून आमच्या शेजारच्या काकू ओरडल्या, "अगंबाई, बोलली की ही!" आणि त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. सगळे वळून बघायला लागले. सई माझ्या ओढणीत शिरली.

माझं डोकंच फिरलं. "मुकी आहे का गं ही?" असं तिच्यादेखत विचारणाऱ्या याच बाई! अहो, माणूस बोललं की त्याला उत्तर द्यायचं असतं. टाळ्या माकडाच्या खेळाला वाजवतात.

"ताई, थांबा जरा. मी गिऱ्हाईकाशी बोलतोय," काका म्हणाले आणि कागदी पिशवी उघडी धरून थांबले.

बऱ्याच वेळाने ओढणीतून एक हात बाहेर आला. त्याने दोन बोटं दाखवली.

बोटं ती चार महिन्यांपूर्वीही दाखवायची.