बाबांचा हॅरोमधला मित्र

हे मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळही नाही. तो त्या शनिवारी कामासाठी कार्डिफला होता, आणि परत आल्यावर मी त्याला फक्त नव्या जाळ्या दाखवल्या.

मला माझा अभिमान आहे, तो मी लपवत नाही. आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली. इथे इंग्लंडमध्ये, ब्रॅकनेलच्या ऑफिसात मी हे बेधडक सांगते — माझे वडील हडपसरला सायकलवर जाळीचे रोल बांधून सोसायट्यांमधून फिरायचे, लोकांच्या खिडक्यांच्या फाटक्या जाळ्या बदलून द्यायचे. ऑफिसातले गोरे लोक कौतुकाने ऐकतात. त्यांना सांगायला काय लागतं? त्यांच्यापैकी कुणाच्या खिडकीला बाबांनी जाळी लावली होती? पण इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी ‘वडील काय करतात गं?’ विचारलं, की मी म्हणायचे, ‘इंजिनिअरिंग लाइनमध्ये होते.’ लाइन — हा शब्द मी विचार करून निवडला होता.

तीन वर्षांपूर्वी बाबा उन्हाळ्यात आमच्याकडे आले. आल्या आल्या त्यांनी घरभर फिरून खिडक्या पाहिल्या. एकीलाही जाळी नाही. ‘एवढं घर घेतलंस आणि माश्यांना दार उघडं?’ आठवडाभर ते स्वस्थ बसले नाहीत. इथल्या खिडक्या बाहेर उघडतात, म्हणजे जाळी आतून हवी. त्यांनी दुकानातून अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणवल्या, चौकटी केल्या, फिरत्या क्लिपांवर बसवल्या. जाळी खाचेत दाबायचं छोटं चाक त्यांनी पुण्याहून बॅगेत घालून आणलं होतं. लेकीकडे राहायला येताना कुणी आणतं असं काही?

त्या शनिवारी ते शेवटच्या खिडकीवर होते. खुर्चीवर उभे, जुना शर्ट, दातांत रबराची दोरी. बेल वाजली. नीलिमाताई डबा परत द्यायला आल्या होत्या — डॉक्टर, मूळच्या कोथरूडच्या, आमच्या मंडळात ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशा. आत आल्या आणि पहिलाच प्रश्न, ‘बाबा आलेत म्हणालीस ना? भेटव की.’

मी म्हणाले, ‘ते हॅरोला गेलेत. मित्राकडे.’

बाबा सहा फुटांवर होते. मधलं दार उघडं होतं.

नीलिमाताईंनी जाळी पाहिली, हात लावून पाहिली, आणि खुर्चीकडे बोट करून मलाच विचारलं. इथे असं काम करणारा माणूस मिळाला कुठे, आम्ही किती शोधलं, हा आमच्याकडे येईल का? माझ्याकडे तेव्हाही वेळ होता — एक वाक्य, दोन शब्द. ‘हेच बाबा.’ जीभ जड झाली होती म्हणावं, तर तसंही नाही. पुढच्याच मिनिटाला मी त्यांना चहा विचारला, व्यवस्थित.

उत्तर बाबांनीच दिलं. दातांतली दोरी काढून, खुर्चीवरून न उतरता. ‘मॅडम, मी आता गावी चाललो. पण मापं आतून घेऊन ठेवा, बाहेरून घेऊ नका.’ हडपसरच्या बायकांशी ज्या आवाजात बोलायचे, अगदी त्याच आवाजात.

त्या गेल्यावर त्यांनी खिडकी पूर्ण केली. मग चहा पिता पिता म्हणाले, ‘हॅरोत माझा कोण मित्र गं? नाव तरी सांगून ठेव. उद्या कुणी विचारलं तर माझी पंचाईत.’ आणि हसले. मी बशीत बिस्किटं काढत राहिले.

इथवरच असतं तर मी याला जुनी गोष्ट म्हटलं असतं.

गेल्या महिन्यात शेजारच्या मांजराने स्वयंपाकघरातली जाळी फाडली. मी स्वतः बदलली. मला येतं — चौथीपासून येतं, सुट्टीत बाबांसोबत बसून शिकलेय. जाळी ताणायची नाही, नाहीतर चौकट वाकते. रबर एका कोपऱ्यापासून सुरू करून सलग फिरवायचं, कोपऱ्यात कापायचं नाही. बाबा ते चाक माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून गेले होते. तासाभरात काम झालं, आणि झालं तेही झकास.

गेल्या शनिवारी नीलिमाताई आल्या. खिडकीकडे बघून म्हणाल्या, ‘तुझा तो जाळीवाला परत आला वाटतं?’

‘नाही, मीच केली.’

‘तू? शिकलीस कुठे?’

घरात मी आणि त्या, दोघीच होतो. खुर्चीवर कुणी नव्हतं. नोकरी पक्की आहे, घर माझ्या नावावर आहे, मला कुणाची भीती नाही.

‘व्हिडिओ बघून,’ मी म्हणाले.

रविवारी बाबांना फोनवर जाळी दाखवली. त्यांनी मला फोन कोपऱ्याजवळ न्यायला लावला, चष्मा वर करून नीट पाहिलं.

‘कोपऱ्यात कापलं नाहीस ना?’

‘नाही.’

‘मग बरोबर,’ ते म्हणाले. ‘कुणी विचारलं, तर सांग माझी पोरगी आहेस म्हणून.’

मी हो म्हणाले.