मातीला विचारून भाव सांगणारे मुकादम

आमच्या डोणगावात कुणी दारापुढची वाट पक्की करायची म्हटलं आणि मुकादमांना भाव विचारला, की ते तोंड उघडायचे नाहीत. खांद्यावरची सब्बल उतरवायचे आणि धाडकन जमिनीत हाणायचे. सब्बल म्हणजे लोखंडी पहार, जवळजवळ त्यांच्याच उंचीची. एकदा, दोनदा, दहादा. खाली कुठेतरी मुरूम लागून खण्ण आवाज आला, की ती उपसायची, तिला किती वर काळी माती चिकटलीय ते वितीने मोजायचं आणि मग म्हणायचं, "हां, आता बोला." तोवर विचारणारा उन्हात उभा राहून वैतागलेला असायचा. "भाव मले काय इचारता? मातीले इचारा," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मेहकरच्या सडकेवर मजुरांच्या टोळीचे मुकादम म्हणून काढली होती. नोकरी संपली आणि लोकांच्या घरापुढच्या वाटा सुरू झाल्या. त्यांना काहीतरी नाव असणारच, पण त्यांची बायकोसुद्धा "मुकादम जेवाले या" अशीच हाक मारायची, मग आम्ही कशाला नाव शोधतोय! देहावर मांस नावाला नाही, डोक्याला लाल पटका, आणि आवाज असा की शेजारच्या घरातलं मूल दचकून उठावं.

गावातले एक शेटजी त्यांच्याकडे न जाता बाहेरून कारागीर घेऊन आले होते. काळ्या मातीवर चार बोटं रेती पसरली आणि वर सरळ शहाबादी फरशी. काय सुरेख दिसायची ती वाट! शेटजी संध्याकाळी तिच्यावर खुर्ची टाकून बसायचे. पावसाळ्यात आमची माती फुगली, दिवाळीनंतर भेगाळली, आणि फरशा अशा वरखाली झाल्या की शेटजींना स्वतःच्या दारात काठी टेकत जावं लागे. मुकादम मुद्दाम तिथून जायचे. "शेटजी, पैसा दिसते तिथं घातला तुमी. न दिसते तिथं घालाले पायजे होता." शेटजी दारच लावून घेत.

आता आमच्या वाटेची गोष्ट सांगते. 

माझे बाबा शाळामास्तर. गावाबाहेर, सडकेपासून आत, स्वस्तात मिळाली म्हणून काळवटीत, म्हणजे निव्वळ काळ्या मातीत, त्यांनी जागा घेतली आणि घर बांधलं. महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झाली होती. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. श्रावणातली झड लागलेली, कळा सुरू झाल्या, आणि सुईण म्हणाली मूल आडवं आहे, दवाखान्यात न्या. दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला. गाडी आमच्या दारातच रुतली. मग मला बाजेवर घालून उचललं, तर पुढचा माणूस गुडघाभर चिखलात गेला आणि बाज कलंडली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत फार उशीर झाला होता. मी वाचले. मुलगा वाचला नाही.

बाबा त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. दोन वर्षांनी मला पुन्हा दिवस गेले आणि उन्हाळ्यातच मी माहेरी आले. डॉक्टरांनी बजावलं, या खेपेला घरी थांबायचं नाही, पहिली कळ आली की निघायचं. दुसऱ्या दिवशी बाबा जाऊन मुकादमांना घेऊन आले.

मुकादमांची सब्बल आमच्या अंगणात गेली ती जातच राहिली. कमरेइतकी माती लागली. "अरे बाप्पा," ते म्हणाले, "मास्तर, जागा सस्ती काऊन भेटली ते समजलं ना आता?" मग त्यांनी दुसरा नेहमीचा प्रश्न विचारला, "वाटेवरून काय जाईन? पाय, सायकल, का गाडी?" वजन कळल्याशिवाय ते किती खोदायचं हे सांगत नसत.

"बैलगाडी," बाबा म्हणाले.

"गाडीत काय? कापूस का मानूस?"

 मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. म्हटलं, "मी."

मुकादमांनी माझ्याकडे बघितलं. गावात कोणाला माहीत नव्हतं माझं? मग ते आमच्या हद्दीपर्यंत साठ पावलं चालून गेले आणि जागोजागी सब्बल हाणून सगळी वाट पुन्हा तपासून आले.

त्यांनी खर्च सांगितला तेव्हा बाबांचा चेहरा उतरला. मास्तरांच्या पगारात तो बसणारा नव्हता. बाबा म्हणाले, खोदाई थोडी कमी करू. त्यावर मुकादम असे गरजले की आई स्वयंपाकघरातून धावत आली. "मास्तर, लांबी तुमच्या हाती, रुंदी तुमच्या हाती. खोली मातीच्या हाती हाये! तिथं तुमचं नाही चालत अन् माहंही नाही." मग जरा थंड होऊन त्यांनीच तोड काढली. सगळी वाट कशाला? दोन चाकांखाली दोन पट्टे, हातभर रुंदीचे. मधे बैलांच्या पायांसाठी नुसता मुरूम. घडीव दगड खाणीवरून आणायचा तर वाहतुकीतच पैसा जातो, म्हणून शेतांच्या बांधांवर पडलेले चपटे धोंडे आणायचे, शेतकरी उलट दुवा देतील. मुरूमही जवळच्या टेकाडाचा. खर्च निम्म्यावर आला. बाबांनी त्यांना चहा दिला, आणि मुकादमांनी तो बशीत ओतून फुर्रर करून प्यायला.

काम चालू असताना त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. काळी माती उपसून मुरूम घालायचे, पाणी पाजायचे, धुम्मसाच्या जड ठोकळ्याने ठोकायचे आणि दोन दिवस त्याच्याकडे नुसते बघत बसायचे. बाबांनी घाई केली तर म्हणायचे, "जेवलेल्या मानसाले लगेच पळवता काय? बसू द्या त्याले." धोंडा एकदा बसवला की तो हलवायचा नाही, हा त्यांचा धर्म. एकदा बाबांनी एक वाकडा वाटला म्हणून काठीने जरा ढोसला, तर मुकादमांनी ती काठीच हिसकून घेतली. "तुमच्या शाळेत येऊन मी फळ्यावरची अक्षरं पुसतो काय?"

पण एक चूक झाली, आणि ती फक्त या दोघांच्या हातूनच होऊ शकली असती. आमची हद्द संपल्यावर सडकेपर्यंत आठ हात जागा सरकारी होती. बाबा कायद्याने चालणारे. परवानगीशिवाय सरकारी मातीला हात लावायचा नाही म्हणून त्यांनी रीतसर अर्ज केला. आणि मुकादमांनी तर जन्मभर सडकेच्या हद्दीत घुसलेल्या लोकांना दम दिलेला! ते तरी काय बोलणार? "अर्जाचं उत्तर येऊ द्या," म्हणाले. उत्तर काही आलं नाही. आमची पक्की वाट सडकेच्या आठ हात अलीकडे थांबली.

श्रावण आला. तीन दिवस झड लागली होती आणि चौथ्या दिवशी दुपारी मला पहिली कळ आली. गाडीवान गाडी घेऊन आला. मुकादमही आले, डोक्यावर गोणपाटाची खोळ आणि खांद्यावर सब्बल. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. झड सुरू झाल्यापासून ते रोज सकाळ-दुपार येऊन धोंडे ठोकून बघून जात. गाडीपुढे ते उलटे चालत होते, चाकांकडे बघत. साठ पावलं गाडी अशी गेली की माझ्या पोटातलं पाणी हललं नाही. आणि मग ते सरकारी आठ हात आले. उजवं चाक तुंब्यापर्यंत, पार मधल्या आसापर्यंत खाली गेलं.

बैलांनी ओढलं, गाडीवानाने खांदा लावला. काही होईना. बाबा म्हणाले, "बाज आणू का?" मी गाडीतून किंचाळले, "बाज नको! बाबा, बाज नको!"

मुकादमांनी सब्बल उचलली. मग गाडीच्या मागे गेले, आम्ही नुकतेच ज्यावरून आलो होतो त्या पट्ट्यात त्यांनी सब्बल घातली आणि धोंडा उचकटला. स्वतः बसवलेला धोंडा! "मास्तर, बघता काय? ही वाट झाली आता मागची. उचला!" बाबांनी धोतर खोचलं. मुकादम उचकटत होते, बाबा आणि गाडीवान धोंडे पुढे वाहत होते. मग त्यांनी सब्बल चाकाखाली घालून तिच्यावर सगळा भार टाकला. चाक उचललं गेलं, बाबांनी खाली धोंडा सरकवला. एक हात. दोन हात. "घाबरू नको माय, आली सडक, आली," ते मला म्हणत होते आणि मी दात आवळून त्यांच्या लाल पटक्याकडे बघत होते. तो पटका कधी सुटून चिखलात पडला ते त्यांना कळलंही नाही.

दिवे लागायच्या सुमाराला मला मुलगी झाली. रडली, खणखणीत रडली.

आधीचं मूल गेलेलं, तेव्हा हिला दृष्ट लागू नये म्हणून आईने रीतीप्रमाणे तिला धोंडाबाई म्हणायचं ठरवलं. नाव पुढे सुधा ठेवलं, पण मुकादम शेवटपर्यंत "आमची धोंडाबाई कशी हाये?" असंच विचारत. बाराव्या दिवशी आले तेव्हा बाळाकडे बघायच्या आधी वाटेवर जाऊन आले होते. चेहरा पडलेला. बाबांना म्हणाले, "चूक माही झाली मास्तर. इतक्या वाटा केल्या, पन वाट मी घरापासून मोजली. सडकेपासून मोजाले पायजे होती." बाबांनी त्यांचे दोन्ही हात धरले. बाबांना मी तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिलं, तीन वर्षांचं सगळं रडले.

अर्जाचं उत्तर दसऱ्याला आलं: सदर जागेत कोणतेही काम करू नये. बाबांनी ते घडी घालून पेटीत ठेवलं आणि सरकारी हद्दीतले धोंडे तिथेच राहू दिले. कायद्याने चालणाऱ्या माझ्या बापाने आयुष्यात केलेला तेवढाच गुन्हा. पट्ट्यातली मोकळी जागा मुकादमांनी नवे धोंडे आणून भरली, मजुरी घेतली नाही. तीन वर्षांनी ते गेले. त्यांच्या बायकोने ती सब्बल बाबांना आणून दिली. "तुमच्याच घरी राहू द्या, मास्तर. तिथंच ती मोडता मोडता राह्यली."

गेल्या वर्षी सुधाने बुलढाण्याला बंगला बांधला. मोटार आत यायची वाट करायची म्हणून ठेकेदार आला, टेप लावला, फाटकापर्यंत किती फूट ते कागदावर मांडलं आणि भाव सांगू लागला. बाबांच्या मागे माझ्याकडे आलेली ती सब्बल मी आतून आणून त्याच्या हातात दिली.

"हे काय, आजी?"

"आधी मातीला विचारा. आणि फाटकापासून काय मोजता? रस्त्यापासून मोजा."

"फाटकाबाहेरची जागा आपली नसते, आजी."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. "माझी मुलगी तिथूनच जगात आलीय."

त्याला काही कळलं नाही. सुधाला कळलं. तिने त्याच्या हातातल्या टेपचं टोक घेतलं आणि ती रस्त्यावर जाऊन उभी राहिली.