डोंगरावरचं ‘मला’

लिहिताना मी ‘मला’ लिहिते. सातवीपर्यंत शाळा झाली, तेवढ्यात पुस्तकातली मराठी हाताला लागली. तोंडात मात्र गावचीच राहिली, वर्धेकडची. बोलताना मी ‘मले’च म्हणते.

रायपूरला चौबे कॉलनीत ज्या घरी मी कामाला आले आणि राहिले, ते लोक भोसल्यांच्या काळापासून इकडचे. आडनाव मराठी, गणपती मराठी, बोलणं हिंदी. मी आले तेव्हा त्यांची पोट्टी रांगत होती. तिची आई, म्हणजे वहिनी, पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “इससे मराठी में ही बात करना. घर में किसी को तो आनी चाहिए.” मी बोलत गेले. न्हाऊ घालताना, भरवताना, ताप आला की उशाशी बसून. ती मला मावशी म्हणायला लागली, आणि त्या घरात मराठीत बोलणाऱ्या आम्ही दोघीच.

मला टायफॉइड झाला तेव्हा याच लोकांनी स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. शिळं कधी वाढलं नाही. हे मी विसरत नाही. विसरता आलं असतं तर राग धरणं सोपं गेलं असतं.

पोट्टी आता डोंगरावरच्या एका लहान गावात कॉलेजात शिकवते. गाव म्हणजे कॉलेजच. फाटक, झेरॉक्सची दुकानं, मोमोच्या गाड्या, आणि दुपार झाली तरी न हटणारं धुकं. तिथंच शिकवणारा पुण्याचा एक मुलगा तिनं पसंत केला होता. त्याचे आईवडील थंडीत तिला बघायला यायचे होते. शेजाऱ्यांना वहिनींनी सांगितलं, वीकेंडला फिरायला चाललोय. मला पोट्टीचा फोन आला.

“मावशी, तू बी ये. त्यांच्यासमोर मराठीत अटकली त मले हळूच सांगजो.”

मी हरखले आणि लगेच घाबरले. घाट चढेपर्यंत मांडीवर सांबारवडीचा डबा घट्ट धरून बसले होते. तिला काय अडेल, काय विचारतील, तिनं काय म्हणावं, हेच डोक्यात फिरत होतं. बाहेर सालाच्या झाडांचं जंगल होतं म्हणे. मी पाहिलंच नाही.

गेस्टहाऊसच्या खोलीत हीटर लावला होता. मुलाची आई हसतमुख. मी वड्या पुढे ठेवल्या.

“अरे वा, कोथिंबीरवडी!”

“नाही आंटी, सांबारवडी,” पोट्टी म्हणाली. “मावशीनं केली. मले लय आवडते.”

“सांबार? इडलीबरोबरचं?”

“नाही न, सांबार म्हणजे हे हिरवं.”

“आणि ‘मले’! अहो, ऐकलंत का?” त्या खळखळून हसल्या.

त्यांचे यजमान वडी चावत म्हणाले, “आमच्या ऑफिसातला शिपाई अस्संच बोलायचा. साहेब, मले सुट्टी पायजे!”

सगळे हसले. मुलगाही हसला. वहिनी हसल्या, ज्यांना त्या क्षणापर्यंत ‘मले’ आणि ‘मला’ यातला फरक ठाऊक नव्हता. कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं, म्हणून तर बोलायला जागाच राहिली नाही.

पोट्टी अटकली. तिनं माझ्याकडे बघितलं. अटकली तर सांगायलाच मला आणलं होतं. मी वड्यांबरोबरच्या कढीचं भांडं धरून उभी होते. काय सांगणार? अडलेला शब्द मीच दिलेला होता.

“असू दे गं,” त्या बाई तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “मी शिकवीन तुला चांगली मराठी.”

“जी आंटी,” पोट्टी म्हणाली. मग ती हिंदीतच बोलत राहिली.

वहिनी माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आल्या. “तुमको बताना था ना, पूना में ऐसा नहीं बोलते!”

“वहिनी, मी कुठं गेली पुण्याले?”

“मज़ाक मत करो.”

मी मजाक केली नव्हती.

लग्न मोडलं वगैरे काही नाही. उलट जमलंच. वड्या संपल्या, कृतीही विचारून झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोट्टी चहा घेऊन पायरीवर माझ्याजवळ येऊन बसली. माझ्याच शालीत शिरली.

“मावशी, तुले तर शाळेतली येते न? मले शिकव.”

“मले नाही. मला.”

“मला. तुला. आन काहून?”

“का.”

“बस? एवढाच? काहून म्हटलं की कसं कोणीतरी जवळ बसून विचारल्यासारखं वाटते.” ती हसली. “का म्हणजे तर ठाण्यात विचारतात तसं.”

मला हसू आलं नाही. रांगत होती तेव्हा पेरूच्या फोडीसाठी हात पुढे करून ती ‘मले’ म्हणाली होती, तो तिचा पहिला शब्द. त्या दिवशी आंघोळीचं पाणी निवलं तरी मी तिच्याकडून तो पुन्हा पुन्हा म्हणवून घेत होते. आता तोच तिच्या तोंडातून काढायचा होता, आणि काढणारीही मीच. पोट्टी हुशार आहे. चहा संपायच्या आत तिची चूक होईनाशी झाली.

ती तिथंच राहिली, तो दिवस त्या लोकांसोबत घालवायला. आम्ही निघालो. गाडीत वहिनी खूश होत्या. म्हणाल्या, “अब घर पे तुम भी पूना जैसा ही बोलना. फोन पे उसकी प्रैक्टिस हो जाएगी.” रिकामा डबा माझ्या पायाशी खडखडत होता.

रायपूरला पोचून मी भाजी फोडणीला टाकत होते तेव्हा तिचा फोन आला. बाजूला तिच्या कुणी नव्हतं. शिकवणाऱ्यांच्या होस्टेलमधल्या आपल्या खोलीत एकटीच होती, तिनंच सांगितलं.

“मावशी, तुम्ही नीट पोचलात ना? मला काळजी वाटत होती.”

मी मनातल्या मनात तपासलं. मला, बरोबर. काळजी, बरोबर. ‘तुम्ही’ मात्र मी शिकवलं नव्हतं. ते त्या बाईंनी दिवसभरात शिकवलं असणार, मोठ्यांशी कसं बोलायचं ते.

“हव,” मी म्हटलं. “पोचली.”