मावशींच्या गोष्टीतलं छप्पर

चर्चच्या स्वयंपाकघरातला बारा लिटरचा बॉयलर उकळायला पंचवीस मिनिटं घेतो. शेवटचं गीत संपलं की चहा लगेच कपात पडायला हवा, म्हणून तो उपदेशाच्या जरा आधी सुरू करावा लागतो. मग दोनच मिनिटांत तो घरघरायला लागतो आणि उपदेश गिळून टाकतो. पाळक पहिली दोन वाक्यं बोलतात ती मावशींना खिडकीतून ऐकू येतात, शेवटची प्रार्थना ऐकू येते. मधलं काही नाही. अकरा वर्षं हे असंच चाललं आहे.

मावशी हे नाव त्यांना कुणी दिलं ते आता कुणालाच आठवत नाही. त्यांच्याहून अठरा वर्षांनी मोठे असलेले मास्तरही त्यांना मावशीच म्हणतात. आठवडाभर त्या घराच्या पुढच्या खोलीत कपडे दुरुस्त करतात. चेन बदलायची, कंबर सैल करायची, फाटलं असेल तिथे आतून तुकडा जोडायचा. जोड दिसला तर पैसे घेत नाहीत.

रविवारी उपासना संपली, कप धुऊन झाले, की उरलेला चहा थर्मासमध्ये भरून त्या पाच घरी जातात. या पाचही घरांत अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत. याची सुरुवात मास्तरांपासून झाली. त्यांचं कंबरेचं हाड मोडलं, चर्चला येणं थांबलं, तेव्हा मावशी त्यांचा कपभर चहा घेऊन गेल्या. मास्तरांनी विचारलं, आज पाळक काय म्हणाले? बॉयलरपाशी होते, ऐकलं नाही, असं मावशींना सांगवेना. शास्त्रपाठ कोणता होता ते छापील कागदावर होतं. दोन वाक्यं ऐकलेली होती. मधला तुकडा त्यांनी पदरचा जोडला. जोड दिसला नाही.

मास्तर पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले, चोख माणूस. उपदेश आवडला तर कळवायला हवं म्हणून ते पाळकांना पत्र लिहीत आणि पाकीट डिंकाने चिकटवून मावशींच्याच पिशवीत टाकत. मावशींना वाटे, काहीतरी तक्रार असेल. पाकिटात आभार असत. माशाच्या पोटात गेलेल्या योनाच्या बायकोबद्दल आपण जे बोललात ते फार पटलं, वगैरे. तेव्हाच्या थोरल्या पाळकांनी योनाची बायको कधी काढलीच नव्हती; बायबलातही ती नाही. त्यांनी ती पत्रं एका फाइलीत लावली आणि वर लिहून ठेवलं : वय झालं आहे, वाद घालू नये.

दोन वर्षांपूर्वी ही फाइल नव्या पाळकांच्या हाती आली. पाळक चौतिशीचे. बाकांवर जागा दीडशे माणसांची, येणारी चाळीस. चर्चने वस्तीत मिसळलं पाहिजे असं त्यांना मनापासून वाटे. त्यांनी हॉल अभ्यासाला उघडा ठेवला, घरोघरी पत्रकं वाटली, गिटार आणली. वस्तीने पत्रकं घेतली, धन्यवाद म्हटलं आणि दार लावलं. मास्तरांची पत्रं मात्र येतच राहिली, न केलेल्या उपदेशांबद्दल. बिचाऱ्यांचा गोंधळ होतोय, त्यांना थेट ऐकायला मिळालं पाहिजे, असं पाळकांनी ठरवलं. पुढच्या महिन्यापासून उपासना मोबाईलवरून थेट दाखवायची. मोबाईल धरायला स्टँड आला. तो सांभाळायचं काम मावशींच्या सुनेकडे आलं.

पाळकांनी मावशींना हे फार मायेने सांगितलं. आता गुडघे दुखवत पाच जिने चढायला नकोत. मावशी बरं म्हणाल्या. घरी सून म्हणाली, "आई, आता रविवारी दुपारी जरा पडायला शिका." मावशींनी सुईत दोरा ओवायला तीनदा प्रयत्न केला. फेरी जाणार हे एक. आणि पाच घरांत खरा उपदेश ऐकू गेला, की अकरा वर्षांचं बिंग फुटणार, हे दुसरं.

पहिल्या थेट रविवारी त्या नुसता चहा घेऊन निघाल्या. सांगायचं काही नाही, असं पक्कं ठरवून. पहिल्या घरी चित्र मधेच अडकलं होतं. दुसऱ्या घरी आजी ऐकता ऐकता झोपल्या होत्या. तिसऱ्या घरी म्हणाले, पाहिलं, पण तुम्ही सांगा. मावशींनी सांगितलं. पाचव्या घरी मास्तरांच्या खाटेशी पोचेपर्यंत त्यांना लय सापडली होती. न विचारताच त्या सुरू झाल्या.

त्या दिवशीचा पाठ होता लुळ्या माणसाचा. घरात गर्दी, आत शिरायला वाट नाही, म्हणून चार मित्र छप्पर उघडतात आणि त्याला खाटेसकट येशूपुढे खाली सोडतात. तो बरा होतो, खाट उचलतो, चालत घरी जातो. मावशी म्हणाल्या, सगळे पांगले, पण छप्पर उघडंच राहिलं. घर कुणा दुसऱ्याचं. दुसऱ्या दिवशी ते चौघे शिडी घेऊन आले, तर हा बरा झालेला माणूस आधीच वर चढलेला. म्हणाला, तुम्ही खाली उभे राहा. मी इतकी वर्षं उताणा पडून छतंच बघितलीत. छपरातलं मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

मास्तरांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग उशीखालून टॅब्लेट काढून पोटावर ठेवला.

"मी आज सगळं पाहिलं, मावशी. बावीस मिनिटं. छपराकडे कुणी फिरकलं नाही."

मावशी थर्मासचं झाकण घट्ट करत बसल्या. मास्तरांनी तोंडी परीक्षा घेतल्यासारखं विचारलं, योनाची बायको? माझी, मावशी म्हणाल्या. लग्नघरात पाणी भरून दमलेले नोकर? तेही माझेच.

"मग थोरले पाळक काय सांगायचे?"

"मला काय माहीत, मास्तर. बॉयलर चालू असायचा."

मास्तरांनी छताकडे पाहिलं. मग त्यांनी लिहायचं पॅड मागितलं, दोन ओळी लिहिल्या, कागदाची घडी घातली आणि डिंक न लावता मावशींच्या हातात दिली.

ते पत्र सोमवारभर शिलाई मशीनच्या खणात राहिलं. सून म्हणाली, "द्यायचं नाही तर निदान वाचा तरी." मावशी म्हणाल्या, दुसऱ्याचं पत्र आहे. मंगळवारी सकाळी त्या पाळकांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. चहाचं काम गेलं तर किल्ली कुणाकडे द्यायची, हेही ठरवून आल्या होत्या.

पत्रात होतं : छपराचा उपदेश आपला नव्हता, हे आज कळलं. माझे आजवरचे सर्व आभार मावशींकडे पोचवावेत.

पाळकांनी फाइल काढली. एक पत्र वाचलं, मग दुसरं, मग खुर्ची पुढे ओढून तिसरं. मधेच त्यांना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. बऱ्याच वेळाने मान वर केली.

"योनाच्या बायकोचं शेवटी काय झालं?"

तेव्हा मावशी बसल्या.

पाळकांनी सुचवलं, उपदेश होईपर्यंत बॉयलर बंद ठेवू, चहा उशिरा झाला तरी चालेल, तुम्ही आत बाकावर बसा. मावशींनी हात जोडले. "नको. सगळं ऐकलं तर मग मी काय सांगू?"

पुढच्या रविवारी थर्मासची पिशवी पाळकांच्या हातात होती. दुसऱ्या घरच्या आजींनी विचारलं, हे कोण? पाळक आहेत, मावशी म्हणाल्या. आजींनी त्यांना नीट न्याहाळलं. "मावशी सांगतात तेच पाळक? अहो, ते तर फार छान बोलतात." पाळकांनी चहा ओतला.

मास्तरांच्या खोलीत मावशी बोलत होत्या आणि पाळकांची नजर वर गेली. खाटेच्या बरोबर वर ओलीचा मोठा डाग होता. प्लास्टर फुगलं होतं, एका कोपऱ्यातून गळून पडलं होतं. याआधी ते दोनदा इथे येऊन प्रार्थना करून गेले होते. तेव्हा डोळे मिटलेले होते.

बुधवारी ते शिडी घेऊन आले. सोबत चर्चमधले दोघे. गळती वरच्या मजल्यावरच्या मोरीतून होती, म्हणून वरच्या रिक्षावाल्याला बोलवावं लागलं. त्याने कधी चर्चमध्ये पाऊल ठेवलं नव्हतं, पत्रक मात्र दोनदा घेतलं होतं. शिडी त्यानेच धरली, आणि पाळकांना थापी कशी धरायची तेही दाखवलं. पुढच्या रविवारी तो चर्चमध्ये आला नाही. त्याच्याकडे राहिलेली शिडी परत द्यायला मात्र सोमवारी आला. चहा पिऊन गेला.

थेट उपासना अजून चालू आहे. मास्तर गीतं ऐकतात, आणि उपदेश सुरू झाला की टॅब्लेट बंद करून मावशींची वाट बघतात. नवं प्लास्टर त्यांनी पडल्या पडल्याच तपासलं, डावीकडून उजवीकडे, सावकाश. एका ठिकाणी थर जाड झाला आहे. दहापैकी सहा मार्क दिले.

"मावशींच्या गोष्टीतला तो माणूस," पाळकांना ते म्हणाले, "याहून बरं काम करायचा."